“हे भिजलं तर?” : बेसमेंटची जमीन आणि बेसबोर्ड, दोन हिवाळ्यांनंतर

आमच्या बेसमेंटमध्ये आत्ता आहे ती दुसरी जमीन. पहिली तीन वर्षंही टिकली नाही.

टोरांटोच्या पश्चिमेला मिल्टनमध्ये आम्ही २०१८ साली घर घेतलं. २०१९ मध्ये एका कॉन्ट्रॅक्टरकडून बेसमेंट पूर्ण करून घेतलं. त्याने काँक्रीटवर पातळ फोम अंथरला, त्यावर लॅमिनेटच्या पट्ट्या जोडल्या, कडेने भिंतीच्या बुडाशी बेसबोर्डच्या फळ्या ठोकल्या आणि दोन दिवसांत काम आटोपून गेला. दिसायला छान होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि उत्तरेच्या भिंतीपाशी पट्ट्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या. जिना उतरलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. उचकटून पाहिलं तर फोमखाली काळी बुरशी, आणि बेसबोर्ड हाताने दाबला तर बिस्किटासारखा तुटत होता. माझी लेक त्याच जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वर्षभर बेसमेंट उघड्या काँक्रीटचंच राहिलं. मे २०२३ मध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी चिपळूणहून आले. त्यांना जिना चढून वरच्या मजल्यावर झोपायला लावण्यापेक्षा खालीच नीट खोली करून द्यावी, असं ठरलं. म्हणून पुन्हा जमिनीचा विषय निघाला.

बाबांबद्दल, म्हणजे सासऱ्यांबद्दल, थोडं सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत, बॉडी विभागात झाली. सुतारकाम हा हौसेचा भाग. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला आणि त्यांनी स्वतः बनवलेली प्लायवुडची कपाटं चिखलासकट रस्त्यावर टाकावी लागली. सागवानी पाट आणि एक जुनी पेटी मात्र धुऊन, वाळवून परत घरात आली. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात घेतली की बाबांचा पहिला प्रश्न असतो, “हे भिजलं तर?”

दुकानातून आम्ही नमुन्याचे तुकडे आणले आणि बाबांनी ते सगळे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले: लॅमिनेट, एसपीसी व्हिनाइल, एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) बेसबोर्ड, जोड-पाइनचा (छोटे तुकडे जोडून केलेल्या पाइनचा) बेसबोर्ड, पीव्हीसीचा बेसबोर्ड. बुडवण्याआधी व्हर्नियरने मापं घेऊन वहीत लिहिली होती. सकाळी पुन्हा मापली. एमडीएफचा साडेबारा मिलिमीटरचा तुकडा पंधराच्या घरात गेला होता आणि त्याची कड दाढीच्या ब्रशसारखी पिंजारली होती. लॅमिनेटची कड फुगली होती. पाइन किंचित वाढलं. एसपीसी आणि पीव्हीसी जसेच्या तसे. दुकानातल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्या बादलीने मला जास्त शिकवलं.

एसपीसी म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेला गाभा, वर छापील थर आणि त्यावर पारदर्शक झिजेचा थर. हा थर मिलमध्ये मोजतात आणि इथला मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे. आम्ही २० मिलचा थर घेतला. आता वाटतं, घरातल्या वापराला १२ मिलचाही पुरला असता. त्याऐवजी पट्टी हातात घेऊन, शेजारच्या पट्टीत अडकणारी तिची जीभ आणि खाच नीट पाहावी. स्वस्तातल्या एका नमुन्याची जीभ मी अंगठ्याने दाबून मोडली होती. घेतली ती साडेपाच मिलिमीटर जाडीची, खाली पॅड चिकटवलेलीच, चौरस फुटाला ३ डॉलर २९ सेंट. पॅड आधीच असेल तर खाली आणखी मऊ पॅड घालायचा नाही, सांधे खेळतात आणि जीभ-खाचेची कुलपं मोडतात.

पण व्हिनाइल भिजत नाही म्हणून प्रश्न सुटत नाही. पाणी त्याच्याखाली अडकतं. इथल्या थंडीत जमीन खोलवर गोठते म्हणून दक्षिण ओंटारिओत पायाच सुमारे चार फूट खाली न्यावा लागतो, आणि एवढं खणलंच आहे तर बेसमेंट होतं. म्हणजे आपण अक्षरशः मातीच्या आत राहतो. काँक्रीटमधून खालची ओल वर येते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची दमट हवा आत शिरली की थंड काँक्रीटवर वरूनही पाणी सुटतं. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. “आषाढात फरशीला घाम येतो, तसंच की,” म्हणाले.

त्यांनी सुचवलं म्हणून काँक्रीटवर तीन ठिकाणी पारदर्शक प्लास्टिकचे चौकोन चारही बाजूंनी टेप लावून चिकटवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. दोन कोरडे निघाले. उत्तरेच्या भिंतीजवळच्या प्लास्टिकखाली थेंब होते आणि काँक्रीट काळवंडलं होतं. बाबा उठून बाहेर गेले आणि घराला फेरी मारून आले. छपराची पन्हळ जिथे खाली उतरत होती तिथेच, भिंतीच्या बुडाशी, पाणी ओतत होती. आठ डॉलरचा पाइप जोडून आम्ही ते पाणी सहा फूट लांब नेलं आणि भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या बाजूने उतार दिला. तीन आठवड्यांत बऱ्यापैकी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा प्लास्टिक लावलं, ते कोरडं निघालं. पहिल्या वेळी आम्ही जमिनीला दोष देत होतो. ज्या कॉन्ट्रॅक्टरने काँक्रीटला हातही न लावता फोम अंथरला त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, कारण दोन दिवसांची ही साधी चाचणी त्याला ठाऊक असणारच.

जमिनीचं काम एका वयस्कर पोर्तुगीज सुतारकाकांनी आणि त्यांच्या पुतण्याने केलं. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण ते आता ओळखीतलीच मोजकी कामं घेतात आणि फोन वाढलेले त्यांना नको आहेत. त्यांच्या कामाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. पहिल्या दिवशी त्यांनी एकही पट्टी लावली नाही. सहा फुटी सरळ पट्टी घेऊन अख्ख्या ६८० चौरस फुटांवर फिरवली, जिथे उजेड खालून दिसला तिथे पेन्सिलने गोल केले. व्हिनाइल कंपनीची अट होती की दहा फुटांत तीन सोळांश इंचापेक्षा जास्त उंचसखल नको. उत्तर कोपऱ्यात उंचवटा होता, तो व्हॅक्यूम जोडलेल्या ग्राइंडरने घासला, तोंडाला मास्क लावून, कारण काँक्रीटची धूळ फुप्फुसाला वाईट. जिन्याखाली खळगा होता, तिथे दोन पोती सेल्फ-लेव्हलर, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं मिश्रण, ओतलं. संध्याकाळी काका गुडघ्यांवर बसून तळहात फिरवत होते. बाबा शेजारी बसून आपला तळहात फिरवत होते. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्रजी कार्यशाळेपुरतं, आणि दोघांच्याही कानावर पेन्सिल.

काँक्रीटवर आम्ही सबफ्लोअरची, म्हणजे पट्ट्यांखालच्या थराची, पॅनेलं घातली, ड्रायकोर नावाने मिळतात ती. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, वर लाकडाच्या चिपट्या दाबून केलेला ओएसबी, खाली काळ्या प्लास्टिकचे उंचवटे. त्या उंचवट्यांमुळे लाकूड काँक्रीटला टेकत नाही आणि मध्ये हवेला जागा राहते. १८० पॅनेलं आणली. एकात एक बसत जातात, भिंतीपासून पाव इंच जागा सोडायची. बाबांचा प्रश्न तयारच होता आणि तो रास्त होता, ओएसबी भिजतोच. काकांचं उत्तर असं की खालून येणाऱ्या ओलीसाठी हे उत्तम, वरून बादलीभर पाणी ओताल तर नाही. म्हणून वॉशरूममध्ये पॅनेलं न घालता टाइल केली आणि भट्टीची खोली, म्हणजे फर्नेस आणि पाणी तापवायची टाकी असते ती, रंगवलेल्या काँक्रीटचीच ठेवली. जमिनीतलं ड्रेनही तिथेच आहे, ते झाकून चालत नाही.

पॅनेलांबद्दल दोन गोष्टी आधी कळायला हव्या होत्या. एक, पॅनेल आणि पट्टी मिळून जमीन इंच-सव्वा इंच वर येते. दारांचे पाय कापावे लागतात, आणि जिन्याची शेवटची पायरी तेवढी बुटकी होते. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पाय पहिला आठवडाभर तिथे दचकत होता. मग सुतारकाकांनी सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला गडद पट्टी लावून दिली. माझ्या मते हा सोयीचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे. वयस्कर माणूस घरात असेल तर जिन्याचा विचार पॅनेलं घ्यायच्या आधी करा. दुसरी गोष्ट आवाजाची. चालताना माळ्यावर चालल्यासारखा किंचित पोकळ आवाज येतो. मोजे घातले की कमी होतो, जात नाही.

त्या बदल्यात ऊब मिळाली. जानेवारीत बाहेर उणे १८ असतानाही सतरंजी टाकून खाली बसता येतं. नुसत्या काँक्रीटवर व्हिनाइल असतं तर हे जमलं नसतं. शेजाऱ्यांकडे तसंच आहे, तिथे पाय ठेववत नाही.

पट्ट्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी लागल्या. खोके दोन दिवस आधीच बेसमेंटमध्ये आणून ठेवले होते. एकाच वेळी चार खोकी उघडून पट्ट्या मिसळायच्या, नाहीतर लाकडाचा तोच गाठीचा छाप शेजारीशेजारी येतो. लागोपाठच्या दोन ओळींतले सांधे किमान आठ इंच दूर ठेवायचे. दाराच्या चौकटीभोवती पट्टी कापून बसवण्यापेक्षा चौकटच खालून कापून पट्टी तिच्याखाली सरकवली, तिथे आज नखही शिरत नाही. पुतण्याने मजुरी चौरस फुटाला पावणेतीन डॉलर घेतली. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरपेक्षा ती जास्त होती आणि मी ती आनंदाने दिली.

बेसबोर्ड मात्र मी आणि बाबांनी लावले. आपल्याकडे फरशीचीच तीन-चार इंचांची स्कर्टिंग असते, इथे भिंतीच्या बुडाशी लाकडाची किंवा एमडीएफची फळी ठोकतात. ती केवळ शोभेची नाही. जमिनीला चारही बाजूंनी हलायला सोडलेली फट ती झाकते. आमच्याकडे तिला आणखी एक काम होतं. जुन्या कॉन्ट्रॅक्टरने ड्रायवॉल, म्हणजे जिप्सम बोर्डची भिंत, थेट काँक्रीटला टेकवली होती आणि ती ओल शोषत वर चढली होती. तिचा खालचा भाग कापून नव्या जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवला. ते झाकायला सव्वापाच इंचांचा बेसबोर्ड घेतला.

बादलीचा निकाल पाहूनही सगळीकडे पीव्हीसी घेतलं नाही, कारण एकूण २३० फूट लागणार होते आणि पीव्हीसीचा दर एमडीएफच्या दुप्पट होता. बाबांनी नकाशावर लाल पेन्सिलने रेघा मारल्या. वॉशरूमजवळ, कपडे धुण्याच्या जागेत, भट्टीच्या खोलीच्या दारापाशी आणि उत्तरेच्या भिंतीला पीव्हीसी. बाकी एमडीएफ. इथे एक अडचण येते, दोन्हींची नक्षी जुळत नाही. आम्ही सपाट, वरच्या कडेला नुसता उतार असलेला साधा घाट दोन्हींत घेतला. रंग दिल्यावर कुठे काय आहे ते मलाही सांगता येत नाही.

बाबांचा नियम असा होता की एमडीएफची फळी भिंतीला लागायच्या आधी सगळ्या बाजूंनी रंगली पाहिजे. पाठ, वरची कड, आणि विशेषतः खालची. “पाणी खालच्या कडेतून चढतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं,” ते म्हणाले. आम्ही गॅरेजमध्ये घोड्यांवर फळ्या मांडून तीन संध्याकाळी फक्त कडा रंगवल्या. कापलेलं प्रत्येक टोकही ठोकण्याआधी प्रायमरमध्ये बुडवायचं. फळी लावताना खाली पातळ पुठ्ठा ठेवून ती जमिनीपासून किंचित वर धरायची, ठोकून झाल्यावर पुठ्ठा काढून घ्यायचा.

ठोकताना पहिल्याच भिंतीला आम्ही अडलो. नेहमी खिळे भिंतीच्या सांगाड्याच्या खालच्या आडव्या लाकडात मारतात. ते दीड इंच उंच असतं. पण आमची जमीनच सव्वा इंच वर आली होती, म्हणजे ते लाकूड जवळजवळ गाडलं गेलं होतं. खिळे नुसते पोकळीत जात होते आणि फळी हाताने ओढली की सुटत होती. म्हणून सांगाड्याची दर सोळा इंचांवरची उभी लाकडं (स्टड) शोधून जमिनीवर टेपने खुणा केल्या आणि दोन इंची, १८ गेजचे खिळे तिथे मारले. पॅनेलं घालणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं. खिळा जमिनीत मात्र एकही जाता कामा नये. पट्ट्या मोकळ्या तरंगल्या पाहिजेत, एका जागी जखडल्या की दुसरीकडे सांधा उघडतो.

कोपरे हा बाबांचा प्रांत. त्यांनी गुण्या लावून बघितला आणि मान हलवली. “एकही कोपरा गुण्यात नाही.” बाहेरचे कोपरे पंचेचाळीसच्या कापाने जोडले, पण आधी दोन तुकडे कापून लावून बघायचे, मग अर्धा अंश इकडे-तिकडे करायचा. आतल्या कोपऱ्यात दोन्ही फळ्यांना तिरका काप द्यायचा मोह होतो. इथला हिवाळा कोरडा, लाकूड आखडतं आणि तिरक्या सांध्यात काळी रेघ उमटते. म्हणून एक फळी सरळ भिंतीपर्यंत न्यायची आणि दुसरीचं टोक पहिलीच्या घाटाप्रमाणे मागून कोरून तिच्यावर बसवायचं. याला इथे कोपिंग म्हणतात. बाबांना हा शब्द माहीत नव्हता, काम माहीत होतं. बारीक करवत आणि कानस घेऊन त्यांनी सोळा कोपरे कोरले. दोन हिवाळे गेले, त्या सोळांतला एकही उघडला नाही. मी तिरक्या कापाने घाईत केलेले दोन कोपरे कपाटामागे आहेत, तिथे रेघ दिसते.

खिळ्यांची भोकं फिलरने भरली, वरच्या कडेला फट बुजवणारं, रंग घेणारं कॉल्क ओढलं, वर अर्ध-चकाकीचा पांढरा रंग. खालच्या कडेला कॉल्क लावायचं नाही.

वापराबद्दल. व्हिनाइलवर आपल्यासारखं पाणी ओतून धुता येत नाही, पिळलेलं फडकं पुरतं. आईंना हे पटायला वेळ लागला. हळद लगेच पुसली तर डाग राहत नाही. एकदा रात्रभर राहिली, तिचा फिकट पिवळेपणा सांध्याच्या खोबणीत अजून आहे. रांगोळी पट्ट्यांच्या कडेच्या खोबणीत बसते आणि ब्रशच्या व्हॅक्यूमनेच निघते, म्हणून आता पाटावर काढतो. समईखाली ताटली ठेवतो. पाटाच्या आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं आहे. उन्हाळ्यात हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर ५० टक्क्यांवर चालू असतो, तो बंद ठेवून कुठलीही जमीन चांगली राहील असं मला वाटत नाही.

खरी परीक्षा २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. पाणी तापवायची टाकी रात्री गळली. सकाळी भट्टीच्या खोलीत पाणी होतं. बरंचसं ड्रेनमध्ये गेलं होतं, पण काही दाराखालून बाहेरच्या पॅसेजमध्ये शिरलं होतं. पहिल्या जमिनीची आठवण येऊन माझे हात थरथरत होते. पाणी बंद केलं, दारापाशी बेसबोर्ड काढला आणि पट्ट्या सुट्या करायला घेतल्या. सुतारकाकांनी शेवटची ओळ याच बाजूला संपवली होती, त्यामुळे चार ओळी उलट क्रमाने निघाल्या. त्यांनी ते मुद्दाम केलं होतं, तसं म्हणाले होते, तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

पॅनेलांखालून पाणी वाहून गेलं होतं. दाराला लागून असलेल्या दोन पॅनेलांच्या कडा फुगल्या होत्या, ती बदलली. बाकीची पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून चार दिवसांत वाळली. पट्ट्या पुसून तशाच परत बसल्या, फक्त तिघींच्या जिभा काढताना मोडल्या. जादा ठेवलेल्या दोन खोक्यांतून तीन पट्ट्या घेतल्या, एकाच लॉटच्या असल्यामुळे रंग जुळला. ही दोन खोकी परत करून ऐंशी-नव्वद डॉलर सोडवून घ्यायचे माझ्या मनात होतं. पीव्हीसीचे तुकडे धुऊन पुन्हा लावले.

एमडीएफ दारापासून दोन फुटांवर सुरू होतो. पाणी तिथपर्यंतही गेलं होतं. रंगवलेली खालची कड शाबूत राहिली. फुगलं ते एकच टोक, जिथे एमडीएफ पीव्हीसीला भिडतो. ती फळी मी शेवटच्या दिवशी पाव इंच जास्त झाली म्हणून पुन्हा कापली होती आणि टोक न रंगवताच ठोकली होती.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी फोन आणखी खाली धरायला सांगितला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ते टोक राहिलं होतं का गं?” हो म्हटलं. म्हणाले, चार फूट कापून टाक, तिथे पीव्हीसीच लाव. तो तुकडा आणून ठेवला आहे. जूनमध्ये ते येणार आहेत, सांधा त्यांच्याकडूनच कापून घेईन.